डॉक्टर, मला गुरुवारी नको, शनिवारी बघा

सगळे फॅमिली डॉक्टर, फिजिशियन, फिजिओथेरपिस्ट आणि रिहॅबवाली मंडळी यांना,

नमस्कार. पत्र लांबणार आहे हे आधीच सांगून टाकते. आणि हे एका बैठकीत लिहिलेलं नाहीये, आडवं पडून रोज दहा-दहा मिनिटं फोनवर टाइप केलंय, मध्ये पाच दिवस तर काहीच नाही, त्यामुळे कुठे सांधा दिसला किंवा तीच गोष्ट दोनदा आली तर सांभाळून घ्या.

मला एमई/सीएफएस आहे, लोक क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात ते. सातवं वर्ष चालू आहे. सुरुवात एका साध्या व्हायरल तापाने झाली, ताप पाच दिवसांत उतरला पण मी काही उठले नाही. या सात वर्षांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांना भेटलेय, बहुतेकजण चांगलेच होते, वेळ देणारे होते, पण एक गोष्ट जवळजवळ सगळ्यांची सारखीच चुकली म्हणून हे लिहितेय.

माझी अपॉइंटमेंट बहुतेक गुरुवारी असते. त्या गुरुवारची तयारी मी सोमवारपासून करते, म्हणजे सोमवार ते बुधवार काहीही करत नाही. केस धुवायचे नाहीत, फोन घ्यायचे नाहीत, मुलीचा अभ्यास नवऱ्याकडे. मग गुरुवारी मी तुमच्यासमोर नीट कपडे घालून, केस विंचरून, सरळ बसून, मुद्देसूद बोलते. तुम्ही फाइलवर लिहिता की पेशंट स्वतः चालत आली, संवाद व्यवस्थित, रिपोर्ट नॉर्मल. खरंच आहे ते, खोटं काहीच नाही त्यात. फक्त ते सगळं उसनं अवसान असतं. शुक्रवारी संध्याकाळपासून घसा दुखायला लागतो, अंगात कणकण, आणि शनिवारी उशीवरून डोकं उचलत नाही, पडद्याच्या फटीतून आलेला उजेड सुद्धा डोळ्यात टोचतो, कोणी काही विचारलं तर वाक्य कानात शिरतं पण अर्थ लागायला वेळ लागतो. हा शनिवार तुमच्यापैकी कोणीही कधी पाहिलेला नाही. पाहणार तरी कसा, शनिवारी मी तुमच्याकडे येऊच शकत नाही ना!

तर सगळ्या पत्राचं म्हणणं एवढंच आहे, की माझी तब्येत मी काय करू शकते यावरून मोजू नका, ते केल्यावर दोन दिवसांनी माझं काय होतं यावरून मोजा, आणि व्यायाम असो आराम असो, जो सल्ला द्यायचा तो त्या दोन दिवसांनंतरच्या दिवसाकडे बघून द्या.

आता थोडं शब्दाबद्दल. मराठीत दमण्याला किती शब्द आहेत बघा, थकवा, शीण, दमणूक, मरगळ, ग्लानी, अंग गळून जाणं. यातला एकही या आजाराला पुरत नाही. कारण या सगळ्यांमध्ये एक गृहीत असतं की झोपलं की जातं. शीण घालवायचा असतो, मरगळ झटकायची असते. इथे आठ-दहा तास झोपून उठलं तरी रात्रभर ओझी वाहिल्यासारखं अंग असतं. आणि 'फटीग' हा शब्द नावातच बसलाय त्यामुळे समोरचा लगेच म्हणतो, अगं थकवा तर मलाही येतो. हो बाई येतो. पण तुला सोमवारी केलेल्या कामाचा बुधवारी ताप येत नाही.

तुम्ही याला पोस्ट-एग्झर्शनल मॅलेज म्हणता, पीईएम, म्हणजे श्रमानंतर तब्येत ढासळणं. आम्ही पेशंट लोक साधं 'क्रॅश' म्हणतो. यातला सगळ्यात फसवा भाग म्हणजे उशीर. साधारण १२ ते ४८ तासांनी येतं, आणि मग दिवस, आठवडे, कधी महिने राहतं. आता विचार करा, चटका लागल्यावर दोन दिवसांनी दुखायला लागलं असतं तर विस्तवापासून हात मागे घ्यायला कोण शिकलं असतं? पहिली दोन वर्षं मला कळतच नव्हतं की कशाने काय होतंय. वाटायचं की आजार असाच लहरी आहे, मनात येईल तेव्हा पाडतो. लहरी वगैरे काही नव्हता, व्यवस्थित हिशोबाने वागत होता, मीच चुकीच्या तारखेकडे बघत होते.

एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, नाव घेत नाही, माणूस मनाने चांगला होता, की तुमचे स्नायू सैल पडलेत, रोज चाला, दहा मिनिटांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवा, बरं नाही वाटलं तरी वाढवा, मन घट्ट करा. मी शाळेपासूनची आज्ञाधारक. प्रयत्नांती परमेश्वर वगैरे ऐकून वाढलेली. दहाची बारा केली, बाराची चौदा. सोळा मिनिटांच्या आठवड्यात जिभेवर शब्द येईनासे झाले, मी म्हटलं होईल. अठराव्या मिनिटाच्या आठवड्यात रात्री झोप उडाली, हृदय धडधडायचं. वीसला मी पोचले, आणि तो आकडा मी मोठ्या अभिमानाने वहीत लिहिला, त्यानंतरच्या मंगळवारी बाथरूमपासून पलंगापर्यंत भिंत धरून आले. त्याच्या आधी मी अर्धा दिवस ऑफिसला जात होते. त्याच्यानंतर परत ऑफिसला गेलेच नाही. त्यांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले की तुम्ही मध्येच सोडलंत ना, म्हणून.

मला राग त्या माणसाचा नाही येत फारसा, कारण तेव्हा पुस्तकातही तेच छापलं होतं. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत ग्रेडेड एक्सरसाइज थेरपी म्हणजे जीईटी, हाच टप्प्याटप्प्याने वाढवायचा व्यायाम, होतीच. मग २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पेस नावाची ट्रायल आली, ६४१ पेशंट, निष्कर्ष असा की जीईटी आणि कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीने (सीबीटी, विचार आणि वागणं बदलायचा मानसोपचार) फरक पडतो. बातम्यांत गाजली. पण नंतर पेशंटच मागे लागले, एका पेशंटने माहितीच्या अधिकारात डेटा मागितला, ट्रायल करणाऱ्या विद्यापीठाने नकार दिला, प्रकरण ट्रिब्युनलपर्यंत गेलं आणि २०१६ मध्ये डेटा बाहेर काढावा लागला. त्या ट्रायलमध्ये काय काय होतं! एकच सांगते. शारीरिक क्षमतेचा जो ० ते १०० चा स्केल होता त्यावर ट्रायलमध्ये भरती होण्यासाठी ६५ किंवा त्याहून कमी असणं ही अट, म्हणजे तुम्ही तेवढे आजारी पाहिजेत. आणि नंतर 'बरे झाले' मोजताना त्याच स्केलची रेषा मुळातल्या ८५ वरून ६० वर आणली होती. म्हणजे एखादा ६५ ने आत आला आणि ६० वर घसरला तरी या एका मापाने तो बरा. मी ऑडिटमध्ये काम केलंय, असा ताळेबंद कोणी माझ्यासमोर ठेवला असता तर मी काय केलं असतं ते जाऊ दे.

२०१७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने जीईटीची शिफारस आपल्या पानांवरून काढली. आणि २९ ऑक्टोबर २०२१ ला नाइसने नवी मार्गदर्शिका काढली, त्यात स्पष्ट लिहिलंय की ठरावीक टप्प्याने वाढवत नेणारा कुठलाही व्यायामाचा कार्यक्रम एमई/सीएफएसच्या पेशंटला देऊ नका. त्याजागी एनर्जी मॅनेजमेंट, म्हणजे आम्ही ज्याला पेसिंग म्हणतो ते, असलेली ताकद बेताबेताने वापरणं. आणि सीबीटी द्यायची तर आजाराशी जुळवून घ्यायला मदत म्हणून, आजार बरा करायचं औषध म्हणून नाही. हे होऊन वर्षं झाली, पण माझ्या हातात अजूनही कोणीतरी 'रोज थोडं थोडं वाढवा' लिहिलेला कागद ठेवतंच. फिजिओ मंडळींनो, हे विशेष करून तुम्हाला आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला जे लागू पडतं ते आम्हाला लागू पडत नाही, आणि कोविडनंतर ज्यांचा थकवा गेलाच नाही अशातल्या बऱ्याच जणांचं आमच्यासारखंच आहे, त्यांना सायकलवर बसवायच्या आधी एकदा विचारा की बाबा परवा कसा होतास.

आता तुमचा ठरलेला प्रश्न, की पडून राहिल्याने स्नायू आणखी नाही का झिजणार? झिजतात, मान्य आहे. पण सगळा दोष त्या झिजण्याचा नाहीये हे दाखवणारी एक टेस्ट तुमच्याकडेच आहे. सायकलवर मास्क लावून ऑक्सिजन मोजायची ती कार्डिओपल्मनरी टेस्ट, ती एकदा करून थांबायचं नाही, २४ तासांनी पुन्हा करायची. निरोगी माणूस, अगदी कधीच व्यायाम न करणारा, दिवसभर खुर्चीत बसणारा सुद्धा, दुसऱ्या दिवशी जवळजवळ तेवढंच करून दाखवतो. एमई/सीएफएसच्या पेशंटमध्ये दुसऱ्या दिवशी आकडे खाली येतात, विशेषतः ज्या पॉइंटला शरीर ऑक्सिजनशिवायच्या इंधनावर जायला लागतं त्या पॉइंटला होणारं काम घटतं. पहिल्या दिवशीचे आकडे बघून कोणीही म्हणेल की ठीकच आहे की. म्हणजे बघा, इथेही तेच, गुरुवार आणि शनिवार. (कृपा करून ही टेस्ट माझ्यावर करू नका, एक मैत्रीण ती करून दीड महिना पडून होती. झालेल्या टेस्टवर विश्वास ठेवा म्हणजे झालं.)

आणि २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी लाँग कोविडच्या, पीईएम असलेल्या पेशंटच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे व्यायामाच्या आधी आणि नंतर काढून बघितले तर व्यायामानंतर ऊर्जा तयार करायची यंत्रणा आणखी बिघडलेली आणि स्नायूला इजा झालेली दिसली. हे अजून छोट्या गटांवरचं काम आहे, त्यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही, पण 'मन घट्ट करा' म्हणायच्या आधी एवढं तरी डोक्यात असावं.

बरं, पेसिंग. यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण तुमच्यापैकी जे हा शब्द वापरतात ते सुद्धा 'झेपेल तेवढं करा' एवढंच सांगून मोकळे होतात आणि झेपेल तेवढं म्हणजे किती हेच तर या आजारात कळत नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, इथे अंथरूण रोज रात्री कोणीतरी बदलून जातं, आणि सकाळी अंधारात ते किती लांब आहे ते चाचपायचं. शिवाय पाय बाहेर गेलेत हे दोन दिवसांनी कळणार.

म्हणून पहिलं शिकावं लागतं ते म्हणजे दमायच्या आधी थांबणं. ऐकायला सोपं वाटतं, पण आयुष्यभराची सवय उलटी असते. आपण काम संपलं की थांबतो, नाहीतर दमलो की थांबतो. इथे दोन्ही उशिराच. मी टायमर लावते, बसून करायचं काम असेल तर दहा मिनिटं, उभ्याने असेल तर तीन. टायमर वाजला की हातातली घडी अर्धी असली तरी खाली ठेवायची. अर्धी घातलेली घडी तशीच सोडून आडवं होणं किती जड जातं ते ज्याने केलंय त्यालाच माहिती, सुरुवातीला मी अक्षरशः रडायचे. एका जुन्या पेशंटने मला सांगितलं होतं की आज किती होईल असं वाटतंय त्याच्या निम्मं कर. मी म्हटलं मग बाकीचं निम्मं? तर म्हणाली, ते शिल्लक. कोणीतरी अचानक बेल वाजवेल, रात्री मुलीला ताप येईल, त्यासाठी. सात वर्षांत मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला हाच आणि तो मला पेशंटकडून मिळाला, हे जरा खटकू दे तुम्हाला.

दुसरं, नाडी. मनगटावरचं घड्याळ घेतलं तेव्हा माझे डोळे उघडले. सकाळची विश्रांतीची नाडी ७२, आणि केस धुताना, हात डोक्याच्या वर, गरम पाणी, उभ्याने, १३०! धावणाऱ्या माणसाची नाडी आणि मी फक्त आंघोळ करतेय. पेशंटमध्ये दोन ठोकताळे चालतात, एक म्हणजे २२० मधून वय वजा करून त्याचे ६० टक्के, म्हणजे चाळिशीच्या माणसाला १०८, आणि दुसरा आणखी कडक, विश्रांतीच्या नाडीवर फक्त १५, म्हणजे मला ८७. ठोकताळेच आहेत, प्रत्येकाला बसत नाहीत, बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारं औषध, चालू असेल तर नाडीचा आकडा तसाही फसवतो, म्हणून तर मला वाटतं की हे तुम्ही बसून ठरवून द्यावं, आम्हाला रात्री तीन वाजता शोधत बसायला लावू नये. मी त्यावरून काय केलं तर आंघोळीला स्टूल आणलं, केस आठवड्यातून एकदा आणि त्या दिवशी दुसरं काही नाही, जिना चढताना दर चार पायऱ्यांनी बसायचं. जिन्यात बसलेली बाई बघून लोक विचारतात काय झालं. काही झालं नाही, काही होऊ नये म्हणून बसलेय.

उभं राहण्याचा विषय निघालाच आहे तर, आमच्यातल्या बऱ्याच जणांना नुसतं उभं राहणंच महाग पडतं, ऑर्थोस्टॅटिक इनटॉलरन्स. आडवं दहा मिनिटं आणि उभं दहा मिनिटं ठेवून नाडी आणि बीपी मोजायला कुठलंही मोठं मशीन लागत नाही. मोठ्या माणसात बीपी फारसं न पडता नाडी ३० किंवा जास्तने वाढून तशीच राहिली तर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी धावायच्या आजाराचा, विचार करायचा असतो हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, पण माझी नाडी उभ्याने मोजायला चार वर्षं आणि नऊ डॉक्टर लागले. नववीने मोजली, देव तिचं भलं करो, आणि त्याला तर औषध होतं, या आजाराला मंजूर असं औषध नसलं तरी त्या भागाला होतं!

तिसरी गोष्ट डोक्याची. हे कोणालाच पटत नाही, घरच्यांना पण नाही. एक्झर्शन म्हणजे श्रम, ते काही पायांचेच नसतात. बँकेचा फॉर्म भरणं, चार माणसांच्या गप्पांत लक्ष ठेवणं, भांडण, रडणं, अगदी आनंदाने हसणं सुद्धा त्याच गल्ल्यातून जातं. मुलीच्या वाढदिवसाला मी खुर्चीतून उठले पण नव्हते, तरी चार दिवस गेले. त्यामुळे 'दिवसभर बसूनच तर असता' हे वाक्य कृपा करून वापरू नका. बसून मी काय करत होते ते विचारा.

आणि आराम! 'आराम करा' हे दोन शब्द तुम्ही सगळे इतक्या सहज बोलता. आराम करायचा कसा हे मला कोणीच सांगितलं नाही. मी आडवी पडून फोन बघायचे आणि म्हणायचे आज चार तास आराम केला. तो आराम नव्हता, ते आडवं पडून केलेलं काम होतं. आता मी डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, मान सपाट, काही ऐकायचं नाही, वीस मिनिटं, झोप आली नाही तरी चालेल. दिवसातून तीन-चार वेळा, घड्याळ लावून, आणि मुख्य म्हणजे बरं वाटत असताना सुद्धा. औषध जसं दुखायच्या आधी घेतात तसं. कंटाळा येतो का? भयंकर येतो. पहिले दोन महिने छताकडे बघून वेड लागायची पाळी आली. पण त्यानंतर क्रॅश महिन्यातून तीनचा एकावर आला. पायरी चढलेय असं नाही म्हणणार, घसरगुंडी थांबली एवढं नक्की.

सगळ्यात धोक्याचा दिवस कुठला माहितीये? चांगला दिवस. सकाळी उठल्यावर डोकं साफ, पाय हलके, वाटतं आलं, परत आलं सगळं. मग सहा महिन्यांची साठलेली कामं डोळ्यासमोर नाचायला लागतात आणि माणूस कपाट आवरायला घेतो. आणि घरचे इतके खूश होतात बिचारे की नाही म्हणवत नाही. माझ्या सगळ्या मोठ्या क्रॅशच्या मागे, वही उघडून बघितली तर, एक चांगला दिवस सापडतो. वाईट दिवशी शरीरच लगाम ओढतं, चांगल्या दिवशी तो आपल्या हातात असतो आणि नेमका तेव्हाच सुटतो. म्हणून जेव्हा पेशंट आनंदाने सांगते की डॉक्टर या आठवड्यात बरं वाटतंय तेव्हा 'छान, मग आता जरा वाढवूया' म्हणू नका. म्हणा की छान, तीन-चार आठवडे असंच राहू दे, मग बघू. वाढवायला माझी ना नाही, बेसलाइन, म्हणजे रोज झेपणारी पातळी, टिकली आणि क्रॅश न होता राहिली तर थोडं इकडे-तिकडे होतंच, मी पण दोन पानांवरून पाच पानांवर आले वाचनात. पण वाढ शरीराने मागून घेतली पाहिजे, कागदावरच्या तक्त्याने नाही, आणि परत कमी करावी लागली तर ती माझी हार म्हणून लिहायची नाही.

याचा अर्थ सगळ्या थकलेल्या माणसांना झोपवून ठेवा असं मी म्हणत नाहीये. थकव्याची दुसरी शंभर कारणं असतात, थायरॉइड, रक्त कमी असणं, झोपेत श्वास अडकणं, ती आधी बघायलाच पाहिजेत. डिप्रेशनमध्ये व्यायामाने बऱ्याच जणांना बरं वाटतं, तेही खरं. पण डिप्रेशनमध्ये काही करावंसंच वाटत नाही, आणि इथे इतकं करावंसं वाटतं की आवरावं लागतं. मला कोणी विचारलं की उद्या बरी झालीस तर काय करशील तर माझी यादी दहा पानांची आहे. दोन्ही एकत्र असू शकतात, असतात पण. फक्त एकावरचा उपाय दुसऱ्यावर डोळे झाकून लावू नका.

आणि 'माइल्ड' या शब्दाची तर गंमतच आहे. २०११ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत माइल्डचा अर्थ असा, की आजाराआधी जेवढं करत होता त्याच्या साधारण निम्मं उरलंय. अर्धं आयुष्य गेलं की सौम्य! मॉडरेट म्हणजे बहुतेक वेळ घरात, सिव्हियर म्हणजे बहुतेक वेळ पलंगावर. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ च्या अहवालात म्हटलंय की किमान पाव पेशंट कधी ना कधी घरात किंवा अंथरुणात अडकतात. तुमच्या वेटिंग रूममध्ये ते दिसत नाहीत म्हणून ते कमी आहेत असं नाही. तेव्हा सौम्यवाल्यांना जपा, कारण मी पण सौम्यच होते, वीस मिनिटं चालायच्या आधी.

एक काम तुम्ही चुटकीसरशी करू शकता ते म्हणजे घरच्यांसमोर एक वाक्य. माझ्या नवऱ्याला मी दोन वर्षं सांगत होते की मी मुद्दाम पडून राहते, तो मान डोलवायचा पण मला दिसायचं की त्याला ते आळसाच्या जवळचं वाटतंय. त्या नवव्या डॉक्टरांनी त्याच्याकडे बघून सांगितलं, 'तिने आत्ता झोपणं हेच तिचं औषध आहे, तुम्ही ते चुकवू देऊ नका.' झालं. त्या दिवसापासून तो स्वतः येऊन विचारतो, दुपारची पट्टी लावलीस का. माझे दोन वर्षांचे शब्द आणि तिचं एक वाक्य. तुमच्या शब्दाला वजन आहे हो, ते वापरा. शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर हे आणखीच लागतं, त्यांच्याकडे तर स्वतःची बाजू मांडायची भाषा पण नसते आणि सगळ्यांना ती अभ्यास टाळणारी वाटतात.

तपासणीच्या खोलीत पण थोडं काही करता येईल. मला बाहेर तासभर खुर्चीत बसवण्यापेक्षा आत कुठेतरी आडवं होऊ द्या. व्हिडिओ कॉलवर होण्यासारखं असेल तर व्हिडिओवर करा. जे सांगाल ते लिहून द्या, कारण बाहेर पडेपर्यंत निम्मं डोक्यातून गेलेलं असतं. पाच टेस्ट पाच वेगवेगळ्या दिवशी नकोत, आणि सगळ्या एकाच दिवशी पण नकोत, विचारून ठरवा. आणि मी म्हटलं की आज यापुढे बोलू शकत नाही तर ते खरं माना, तो नखरा नाहीये.

मी वही ठेवते. आडवी ओळ म्हणजे दिवस, त्यात तीनच रकाने, काय केलं, नाडी कितीवर गेली, आणि दोन दिवसांनी कशी होते. तिसरा रकाना मागाहून भरायचा असतो म्हणून कधी कधी राहून जातो, जिथे कोराच दिसेल तिथे समजा की त्या दिवशी पेन धरवलं नाही. पुढच्या वेळेला येताना ती वही आणणारे. मी कशी दिसतेय, कशी बोलतेय ते गुरुवारी तुम्हाला दिसेलच, त्यावर वेळ नका घालवू. मागच्या अपॉइंटमेंटच्या तारखेवर बोट ठेवा आणि तिथून तिसरा रकाना वाचा.

आपली,
एक पेशंट